जबड्यातला अमेलोब्लास्टोमा: "कॅन्सर नाही ना, मग झालं" याच्या पुढचं

शुभ्रशेवंती

परवा तपासणीला गेले होते. बाकावर शेजारी विशीतला एक मुलगा बसला होता, गाल एका बाजूला फुगलेला, मांडीवर ओपीजीचं, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेचं, पाकीट. त्याची आई आपणहून म्हणाली, "कॅन्सर नाही म्हणालेत हो, साधी गाठ आहे. खरवडून काढली की झालं." मी काही बोलायच्या आत त्यांचा नंबर पुकारला. रात्री तो मुलगा डोळ्यांसमोरून हलेना, म्हणून आज लिहायला बसले.

मी सिंहगड रस्त्याला राहते, मराठी शाळेत पहिलीला शिकवते. वय ३७. २०१९ च्या उन्हाळ्यात खाली उजवीकडे, शेवटच्या दाढेच्या मागे, जिभेला काहीतरी टम्म लागायला लागलं. दुखत अजिबात नव्हतं. दुखत नाही, हीच या आजारातली मोठी फसगत. दाढ हलायला लागली तेव्हा दाखवलं. एक्स-रे झाला, सिस्ट, म्हणजे पाण्याची पिशवी, आहे म्हणाले, भूल देऊन आतून खरवडून काढली. काढलेला तुकडा तपासायला गेला होता. रिपोर्ट आला तो 'बिनाइन', म्हणजे कॅन्सर नसलेली, या शब्दाखाली पेनाने रेघ ओढून माझ्या हातात दिला. घरी सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सासूबाईंनी देवापुढे पेढे ठेवले. फाईल कपाटात गेली.

त्याच रेघेच्या वरच्या ओळीत आजाराचं नाव होतं, अमेलोब्लास्टोमा. ते मी चार वर्षांनी वाचलं.

सहा महिन्यांनी दाखवायला या, असं कागदावर लिहिलेलं होतं. मी गेले नाही. मध्ये कोविड आला हे खरं, पण कारण ते नव्हतं. कॅन्सर नाही म्हटल्यावर परत कशाला जायचं, असं मलाच वाटत होतं. आणि हे पुन्हा येऊ शकतं, असं मला तोंडाने कोणी सांगितलं नव्हतं.

२०२३ च्या दिवाळीत भावाने फोटो काढले. त्यात माझा चेहरा एका बाजूला रुंद दिसत होता. या वेळी ओपीजीत उजवीकडचं अर्धं हाड साबणाच्या फेसासारखं दिसलं, लहानमोठे बुडबुडे एकमेकांना चिकटलेले. डॉक्टरांनी गालाच्या आतून बोटाने दाबलं तेव्हा हाड अंड्याच्या कवचासारखं दबल्याचं मला स्वतःला कळलं. ते सांगायला शब्द नाहीत माझ्याकडे.

जे समजलं ते सांगते. दात घडताना त्यावर एनॅमल, म्हणजे दाताचं कडक आवरण, चढवणाऱ्या पेशींना अमेलोब्लास्ट म्हणतात. ही गाठ त्या कुळातल्या पेशींची. बहुतेक वेळा खालच्या जबड्यात, मागच्या दाढांच्या भागात होते. सहसा शरीरात दुसरीकडे पसरत नाही, म्हणून कॅन्सर नाही. पण जिथे आहे तिथलं हाड ती पोखरत जाते आणि तिचे कोंब एक्स-रेत दिसणाऱ्या कडेच्या पुढे, चांगल्या दिसणाऱ्या हाडात शिरलेले असतात. खरवडताना ते मागे राहतात. माझ्या प्रकारात गाठीच्या पुढचं एक ते दोन सेंटिमीटर चांगलं हाडसुद्धा काढावं लागतं.

म्हणजे जबडा कापायचा. त्या जागी पायाचं हाड बसवायचं. पोटरीत दोन हाडं असतात. शरीराचा बहुतेक भार जाडं हाड घेतं, बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, फिब्युला, रक्तवाहिन्या आणि वरच्या कातडीसकट काढून घेता येतं. गुडघ्याजवळचा आणि घोट्याजवळचा भाग तसाच ठेवतात. ते हाड जबड्याच्या आकारात तोडून, धातूच्या पट्टीवर बसवून, त्याच्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना दुर्बिणीखाली शिवतात. माझं ऑपरेशन अकरा तास चाललं.

शुद्धीवर आले तेव्हा गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी, नाकात पोटापर्यंतची नळी, उजवा पाय बांधलेला. बोलता येत नव्हतं. नवऱ्याने शाळेतली माझीच पाटी आणली होती. पहिला दिवस दर तासाला नर्स यायची. तोंडात बसवलेल्या कातडीचा रंग बॅटरी लावून बघायची, सुई टोचून लाल रक्त येतंय का पाहायची, मग पेनासारखी डॉपलरची, म्हणजे रक्त वाहण्याचा आवाज ऐकवणारी, कांडी मानेला लावायची. धस्... धस्... असा आवाज यायचा. तो आला की ती मान हलवायची आणि मी पुन्हा डोळे मिटायचे. एकदा पहाटे तिला जागा सापडेना. फार तर अर्धं मिनिट गेलं असेल. मग आवाज आला. ती पण हसली, मी पण.

खालच्या ओठाला संवेदना देणारी नस त्या हाडातूनच जाते, ती गेली. उजवा ओठ आणि हनुवटी कायमची बधिर. शिताचा कण लागला तरी कळत नाही. आणि मी पहिलीची बाई! प, फ, ब, भ, म ही सगळी ओठांनी म्हणायची अक्षरं. 'प'ला ओठ मिटले तरी एका बाजूने हवा सुटायची. घरी भिंतीवर मुलीचा जुना तक्ता लावला आणि रोज आरशासमोर पपई, फणस, बदक, भटजी, मगर. तीन महिने. 'भ' सगळ्यात शेवटी आला. शाळेत परत गेले त्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही 'भ' किती जोरात म्हणता!"

वॉर्डात मात्र येणारा जाणारा एकच प्रश्न विचारायचा, "तंबाखू खायची का? मिसरी?" शेजारच्या खाटांवरचे बहुतेक तंबाखूने झालेल्या तोंडाच्या कॅन्सरचेच होते, त्यामुळे विचारणाऱ्यांचा दोष नाही. पण या गाठीचा तंबाखूशी संबंध नाही, आणि हे बोलता येत नसताना पाटीवर लिहून सांगावं लागतं तेव्हा फार लागतं.

कोणाला काही विचारायचं असेल तर मोकळेपणी विचारा.

पावसाळी_संध्याकाळ

ताई, हात थरथरतायत टाइप करताना. माझ्या धाकट्या भावाला, वय २६, पंधरा दिवसांपूर्वी हेच निघालंय. बायोप्सीचा रिपोर्ट हातात आहे. एक डॉक्टर म्हणतात जबडा कापावा लागेल, दुसरे म्हणतात आधी खरवडून बघू, तरुण आहे. आई दुसऱ्यांच्या बाजूने आहे. तो तर बोलतच नाही. पुढच्या वर्षी लग्न करायचं चाललं होतं.

ओव्याची_आई

ताई, तुम्ही सोसलंत ते वाचून डोळे भरून आले. पण एक सांगू का? वाचून माझ्या पोटात गोळा आला. माझ्या मुलीला पंधराव्या वर्षी अमेलोब्लास्टोमाच निघाला. तिचा जबडा कापला नाही. आधी गाठीला खिडकी पाडून नळी ठेवली, सहा-सात महिने मी रोज सिरिंजने धुवायचे, गाठ लहान झाल्यावर मग ती काढली. २०२१ मध्ये. अजून काही नाही. मग आमचं चुकलं का? परत येणारच आहे का?

दातवैद्य_कर्वेनगर

मुखशल्यचिकित्सक आहे, गेली अठरा वर्षं हेच काम. दोघींना मिळून लिहितो.

ओव्याच्या आई, तुमचं चुकलेलं नाही. अमेलोब्लास्टोमा हे एक नाव असलं तरी वागणूक एकसारखी नसते. शुभ्रशेवंती यांचा प्रकार नेहमीचा, म्हणजे भरीव आणि अनेक कप्प्यांचा वाटतो. तो नुसता खरवडला तर परत येण्याचं प्रमाण खूप, बऱ्याच अभ्यासांत निम्म्याहून जास्त. दुसरा प्रकार युनिसिस्टिक, एकाच पिशवीचा. तो लहान वयात जास्त दिसतो. पिशवीच्या आतल्या अस्तरापुरता असेल तर तुमच्या मुलीसारखे उपाय करतात आणि ते योग्यच असतात. मात्र गाठीच्या पेशी पिशवीच्या भिंतीत शिरल्या असतील तर ती गाठ नेहमीच्या प्रकारासारखी वागू शकते. म्हणून सुरुवातीच्या लहानशा बायोप्सीवर न थांबता, काढलेल्या पूर्ण गाठीचा रिपोर्ट वाचायचा. 'म्यूरल', म्हणजे भिंतीत शिरलेली, हा शब्द त्यात आहे का ते बघा आणि तुमच्या डॉक्टरांना विचारा.

पावसाळी, दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात तेव्हा बरेचदा ते दोन वेगळे प्रकार डोळ्यांपुढे ठेवून बोलत असतात. तिसऱ्याकडे जाण्याआधी बायोप्सीची काच (स्लाइड) आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) मागून घ्या, त्यावर तुमचाच हक्क आहे, आणि तोंडाच्या विकृतिशास्त्राचा अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. मग सीटी स्कॅन घेऊन तोंड-जबड्याचे शल्यचिकित्सक आणि प्लास्टिक सर्जन दोघांना एकत्र भेटा.

पर्वतीकर_आजोबा

मी ६४ वर्षांचा. माझे तीनदा खरवडले, १९९८, २००३ आणि २००९. दर वेळी पाच-सहा वर्षे गेली की आपण जिंकलो असे वाटायचे. २०१४ मध्ये शेवटी डावा जबडा काढला, पायाचे हाड बसवले. तोवर गाठ वर सांध्यापर्यंत पोहोचली होती, त्यामुळे जो भाग पहिल्या वेळी वाचला असता तोही गेला. डॉक्टर सांगतात ते बरोबर आहे, प्रत्येकाची गाठ निराळी. पण "तरुण आहे, आधी खरवडून बघू" हे वाक्य मी तीन वेळा ऐकले आहे. तरुण आहे म्हणूनच त्याच्यापुढे परत येण्यासाठी वर्षेही जास्त आहेत, एवढे आईंना सांगा.

अकरा वर्षे झाली. पायाचे विचाराल तर रोज पर्वती चढतो. उतरताना कठडा धरतो.

शुभ्रशेवंती

ओव्याची आई, मला माफ करा. मी माझ्या गाठीबद्दल लिहिलं आणि ते सगळ्यांना लागू असल्यासारखं वाचलं जाईल हे लक्षात यायला हवं होतं. डॉक्टर, तुम्ही वेळ काढून लिहिलंत, फार बरं वाटलं.

आजोबा, तीनदा... काय बोलू.

पावसाळी, भावाला वाचायला दे हे, किंवा वाचून दाखव. चेहऱ्याचं विचारशील तर: कानाखालून हनुवटीखाली जाणारा व्रण आहे, आता केसासारखी रेघ राहिली आहे. हसताना ओठाचा एक कोपरा खाली कमी जातो. रस्त्यात कोणी वळून बघत नाही. नवीन ओळख झालेल्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही. हल्ली सीटीवरून जबड्याची प्रतिकृती छापून त्यावर पट्टी आधीच वाकवून ठेवतात, माझी तशी केली होती, त्याने आकार नीट येतो. दात अजून बसवले नाहीत. बसवलेलं हाड पक्कं जुळल्यावर त्यात इम्प्लांट घालतात, माझे या दिवाळीनंतर ठरलेत.

पायाबद्दल आजोबांसारखंच. पाचव्या दिवशी वॉकरने उभी केली. पोटरीवर मांडीची कातडी लावली आहे. कोणी सांगितली नव्हती अशी एकच गोष्ट: अंगठा खाली दाबायची ताकद कमी होते, त्यामुळे अंगठ्याची चप्पल चालता चालता निसटते. मागे पट्टा असलेले सँडल आताच घेऊन ठेवा.

सातारारोड

बाकी काही माहीत नाही, पण तुमच्या 'भ'साठी दंडवत. 🙏

पावसाळी_संध्याकाळ

डॉक्टर, ताई, आजोबा, तुमचे शब्द आईला मोठ्याने वाचून दाखवले. आजोबांचं वाचल्यावर ती बराच वेळ गप्प होती. काच पुन्हा तपासून घेतली. भावाची भरीव प्रकारचीच आहे. जबडा काढायचं ठरलंय.

आता दोन प्रश्न. एक, इंटरनेटवर वाचलं की यावर गोळ्या निघाल्यात, ऑपरेशन टळतं का? दोन, विमा कंपनीने आधी मंजुरी मागितली तर "दंतोपचार पॉलिसीत नाहीत" म्हणून नाकारलं. बाबा रिटायर्ड आहेत. हात टेकलेत.

दातवैद्य_कर्वेनगर

गोळ्यांचं: २०१४ मध्ये कळलं की खालच्या जबड्यातल्या बऱ्याच अमेलोब्लास्टोमांत ब्राफ नावाच्या जनुकात एक ठरावीक बदल असतो, व्ही६००ई. काही त्वचेच्या कॅन्सरमध्येही हाच बदल सापडतो आणि त्यावर औषधं आहेत, डॅब्राफेनिब, ट्रामेटिनिब. अमेलोब्लास्टोमाच्या काही रुग्णांत त्यांनी गाठ आकसल्याचं नोंदलं गेलंय. पण औषध थांबवल्यावर पुढे काय, किती वर्षं घ्यायचं, हे अजून ठरलेलं नाही. दुष्परिणाम आहेत, खर्चही मोठा. जिथे ऑपरेशन शक्य नाही किंवा गाठ फुप्फुसात वगैरे गेली आहे, जे फार क्वचित घडतं, तिथे याचा विचार होतो. तुमच्या भावाची गाठ व्यवस्थित काढता येण्यासारखी असेल तर आजच्या घडीला ऑपरेशनच. ब्राफची तपासणी मात्र करून ठेवायला हरकत नाही, कागद पुढे उपयोगी पडेल.

हिशेबनीस

विम्याच्या दाव्यांचं काम करतो म्हणून सांगतो. ही गाठ हाडाची आहे, उपचार दाताचे नाहीत, हे कागदावर दिसलं पाहिजे. सर्जनच्या चिठ्ठीवर जर "दाढेजवळची सूज" असं मोघम लिहिलं असेल आणि खाली डेंटल क्लिनिकचा शिक्का असेल तर टेबलावरचा माणूस दंतोपचारातच टाकतो. सर्जनकडून लेटरहेडवर लिहून घ्या: खालच्या जबड्याच्या हाडाची गाठ, जबड्याचा भाग काढून पायाच्या हाडाने पुनर्रचना, रुग्णालयात भरती आवश्यक. आजाराचा आयसीडी कोड (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला क्रमांक) डी १६.५ घालायला सांगा, म्हणजे खालच्या जबड्याच्या हाडाची कॅन्सर नसलेली गाठ. सोबत बायोप्सी आणि सीटीचा रिपोर्ट. हे घेऊन फेरविचाराचा अर्ज करा. तरी नाकारलं किंवा महिनाभर उत्तर आलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. कार्यालय पुण्यातच आहे, फी नाही, वकील लागत नाही. नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत तक्रार करायची असते.

इम्प्लांट आणि दातांचा खर्च मात्र बहुतेक पॉलिसीत धरत नाहीत. तो बाजूला काढून ठेवा.

ओव्याची_आई

पैशांची आणखी एक वाट सांगते. धर्मादाय रुग्णालयांना गरीब रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. पुण्यातली बरीच मोठी रुग्णालयं धर्मादाय आहेत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा, भरती व्हायच्या आधी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का तेही त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या. आम्ही विचारायलाच लाजलो होतो, नंतर हळहळलो.

आणि हो, आमचा रिपोर्ट काढून वाचला. 'म्यूरल' शब्द नाही. तरी पुढच्या आठवड्यात ओपीजीची वेळ घेतली आहे. दीड वर्ष झालं होतं दाखवून.

शुभ्रशेवंती

ओव्याची आई, हे वाचून किती बरं वाटलं सांगू! मुलीला माझ्याकडून एक पापा.

पावसाळी, विम्याचं आमचंही असंच झालं होतं, अगदी याच शब्दांत नाकारलेलं. दुसऱ्या अर्जात मिळालं. धीर सोडू नकोस.

आता खाण्याचं लिहून ठेवते, त्या वेळी डोकं चालत नाही. नाकातली नळी मला बारा दिवस होती. त्यातून घरून आणलेलं द्यायला डाएटिशियनने परवानगी दिली होती, पण प्रत्येक गोष्ट दोनदा गाळून. नाचणीचं सत्त्व, मुगाच्या वरणाचं वरचं पाणी, ताक. दाटसर काही दिलं की नळी चोंदते. तोंडाने सुरू झाल्यावर पहिले दोन महिने मऊ भात, मेतकूट, तूप, दुधात कुस्करलेली पोळी. वजन सात किलो उतरलं होतं. घास डाव्या बाजूला ठेवायचा आणि प्रत्येक घासानंतर ओठ पुसायचा, कारण तिथे काही राहिलं तरी त्याला कळणार नाही. गरम चहा आधी डाव्या ओठाला लावून बघायचा. मी एकदा विसरले तर उजव्या बाजूला फोड आला आणि तो मला आरशात दिसला.

तोंड उघडायचा व्यायाम डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून एकही दिवस चुकवायचा नाही. मला आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये सरकवायला सांगितल्या होत्या. सुरुवातीला आठ जायच्या, आता अठरा जातात. डबा भरून ठेवलाय घरी. हवा असेल तर दत्तवाडीच्या चौकात येऊन घेऊन जा.

आणि घरी गेल्यावर सगळे म्हणतील, कॅन्सर नव्हता ना, मग कशाला एवढं. चिडू नका, समजावत बसू नका. फक्त तपासणीच्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा. पहिली पाच वर्षं जास्त जपायची, पण दहा वर्षांनंतरही ही गाठ परत आलेली आहे, त्यामुळे तारीख संपत नाही. मी माझ्या मुलीलाही सांगून ठेवलंय की आईने विसरायचं म्हटलं तरी तू विसरू द्यायचं नाहीस.

पर्वतीकर_आजोबा

मी अजून वर्षाला एकदा जातो. श्रावण लागला की जायचे, असे ठरवून टाकले आहे. तारीख लक्षात राहत नाही, श्रावण राहतो.

पावसाळी_संध्याकाळ

काल झालं. सकाळी आठला आत नेलं, रात्री पावणेनऊला बाहेर आणलं. गाठ सगळी निघाली म्हणाले, काढलेल्या हाडाच्या कडांचा रिपोर्ट यायचाय. विम्याची मंजुरी परवा आली, हिशेबनीसदादा, तुम्ही सांगितलं तसंच पत्र घेतलं होतं.

पहाटे दोन मिनिटं आत सोडलं. नर्स कांडी लावत होती. ताई, तो आवाज मी ऐकला. भावाने माझ्याकडे बघून अंगठा वर केला.

आज मात्र लाळ फार गळतेय, उशी भिजतेय सारखी. आई घाबरलीये. हे असंच असतं का?

शुभ्रशेवंती

हो गं, असंच असतं. ओठ बधिर आहे आणि गिळता येत नाहीये, म्हणून बाहेर येते. हळूहळू कमी होईल. रंग गुलाबी-पांढरा असेल तर आईला सांग घाबरू नका. लालभडक रक्त किंवा घाण वास आला तर लगेच नर्सला हाक मार. टिश्यूचे कण चिकटून राहतात, ते वापरू नका. जुन्या सुती साडीचे हातभर तुकडे कर, धुऊन, उन्हात वाळवून, इस्त्री करून ने. दिवसाला पंधरा-वीस लागतील. माझ्याकडे आहेत, संध्याकाळी शाळा सुटल्यावर आणून देते. वॉर्ड कोणता ते मेसेज कर.